चिप बदलली, कान तेच!

संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा इंग्लिश विभागासाठी असेल असं समजून मी "हो" म्हणून बसले. नंतर कळलं, मराठी विभागाला पानं कमी पडतायत! मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण खरं सांगायचं तर हा विषय मराठीतच लिहायला हवा होता. कारण त्यातला खरा प्रश्न मला कुठल्या पुस्तकाने नाही, पाटणला आमच्या आबांनी विचारला, आणि तोही अस्सल पाटणी मराठीत.

विषय आहे हेडफोन ॲम्प्लिफायरचा. (संपादकांनी 'प्रवर्धक' लिही असं सुचवलं होतं. मी आबांना विचारलं, त्यांनाही 'अँप्लीफायर'च कळतं. असो.)

गेल्या सेमपासून आपल्या हॉस्टेलवर ही साथ आली आहे. कंपासपेटीत बसेल एवढं सर्किट, नऊ व्होल्टची बॅटरी, एक व्हॉल्यूमची खुंटी आणि मध्ये सॉकेटवर बसवलेली आठ पायांची ऑप-ॲम्प चिप. च्यू मॉय या हौशी माणसाने १९९०च्या दशकाच्या शेवटी हे सर्किट लोकांसमोर ठेवलं, म्हणून त्याला 'सीमॉय' म्हणतात. तिकडे ते पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवतात, आपल्याकडे कंपासपेटीत. झिरो पीसीबीवर एका रविवारी होऊन जातं. (पेटी पत्र्याची असेल तर आतून इन्सुलेशन टेप लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी शॉर्ट!)

इथपर्यंत सगळं छान. खरा खेळ पुढे सुरू होतो. चिप सॉकेटवर असते, म्हणजे उपटून दुसरी बसवता येते. मग आज ४५५८, उद्या टीएल ०७२, परवा एनई ५५३२, पुढच्या महिन्याची मनीऑर्डर (आता यूपीआय) आली की ओपीए २१३४. पुण्याला कोणी जाणार असेल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीची यादी त्याच्या हातात. आणि रात्री मेसनंतर चर्चा: "याचा बेस गोड आहे", "त्याचा आवाज जरा कोरडा", "हिच्यात गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतो". मी यात सगळ्यात पुढे होते, हे आधीच सांगते. म्हणजे पुढे जे लिहिलंय ते दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला नाही.

तर झालं असं की, मी एक फार वेगवान म्हणून नावाजलेली चिप ऑनलाइन मागवली. साडेसहाशे रुपये गेले. बसवली, ऐकली, आणि रूममेटला उठवून सांगितलं, "अगं, पडदा बाजूला झाल्यासारखा आवाज मोकळा झालाय!" दोन दिवस मी तो मोकळेपणा विंगभर वाटत फिरले. तिसऱ्या दिवशी बॅटरी संपली. नवी घातली, तीही संपली. पेटी घेऊन लॅबमध्ये गेले, तर लॅबच्या मामांनी काही न विचारता चिपवर बोट ठेवलं आणि पटकन उचललं. म्हणाले, "ताई, यावर चहा होईल." सीआरओवर लावलं, तर बारीक रेघेऐवजी जाड पट्टा. टाइम बेस ताणल्यावर दिसलं की चिप स्वतःच काही मेगाहर्ट्झवर बोंबलत बसली आहे. गाणं वाजत होतं ते त्या ऑसिलेशनवर स्वार होऊन. सप्लायच्या पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा साधा सिरॅमिक कपॅसिटर मी लावलाच नव्हता. मामांनी तो लावला, पट्टा गेला, चिप थंड झाली.

सोनाराने कान टोचावेत म्हणतात, माझे मामांनी टोचले. मेगाहर्ट्झ तर माणसाला ऐकूच येत नाही. मग दोन दिवस मी ज्याचं कौतुक करत होते तो 'मोकळेपणा' कुठून आला? तो माझ्या साडेसहाशे रुपयांतून आला होता!

त्यानंतर मी आणि रूममेटने एक चाचणी करायची ठरवली. दोन अगदी सारखी सर्किटं, एकात दहा-बारा रुपयांची ४५५८, दुसऱ्यात ओपीए २१३४, मध्ये एक स्विच. ४०० हर्ट्झचा सूर देऊन दोन्हींचं आउटपुट मल्टिमीटरवर सारखं करून घेतलं. हे फार महत्त्वाचं. किंचित मोठा आवाज आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. आत्तापर्यंत आम्ही चिप बदलताना व्हॉल्यूम शून्यावर आणायचो आणि मग अंदाजाने पुन्हा वाढवायचो. खुंटी दर वेळी त्याच जागी कशी येणार? शिवाय चिप उपटून दुसरी बसवेपर्यंत पाच मिनिटं जातात. आधीचा आवाज तेवढा वेळ बारकाव्यांसकट लक्षात राहतो, असं छातीठोक सांगणारा मला अजून भेटायचाय.

मी पाठ करून बसले, रूममेटने नाणं उडवून स्विच हलवायचा आणि मी सांगायचं कुठली चिप. दहा वेळा. आवाज नेहमीचा, म्हणजे अभ्यास करताना ठेवतो तेवढा. निकाल: दहापैकी सहा बरोबर. मी खूश! रूममेट (गणितात माझ्यापेक्षा बरी) म्हणाली, "अगं, नुसतं नाणं उडवत बसलीस तरी दहापैकी सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ३८ टक्के आहे. नऊ आले असते तर मानलं असतं." प्रॉबॅबिलिटीचा धडा मी एम-थ्रीच्या पेपरपुरता वाचला होता. तो असा अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

म्हणजे चिपने काहीच फरक पडत नाही? तसंही नाही. इथेच तर मजा आहे. आम्ही खुंटी वाढवत नेली, इयरफोन कानात न घालता हातभर लांब धरून. एका जागी ४५५८ फाटली. नाणं-बिणं उडवायची गरजच नाही, दहापैकी दहा. सीआरओवर लाटेची माथी सपाट कापलेली. कारण साधा ओहमचा नियम: ३२ ओहमच्या इयरफोनला १ व्होल्ट पीक द्यायचा तर ३१ मिलिअँपिअर लागतात. तेवढा करंट देणं स्वस्त चिपच्या आवाक्याबाहेरचं होतं, ओपीएला जमत होतं. म्हणजे चिप तिच्या कुवतीत काम करत असेल तोवर दोघी सारख्याच, कुवतीबाहेर ढकललीत की फरक ढळढळीत. 'गोड', 'कोरडा' हे शब्द त्यात कुठेच लागले नाहीत.

आणि हे काही आम्ही शोधून काढलं नाही, आपल्या सिलॅबसमध्येच आहे. २ ऑगस्ट १९२७ ला हॅरॉल्ड ब्लॅक हा बेल लॅब्जचा तरुण इंजिनिअर बोटीतून कामावर जाताना वर्तमानपत्राच्या पानावर एक आकृती काढतो: आउटपुटचा थोडा भाग उलटा करून पुन्हा इनपुटला द्यायचा. निगेटिव्ह फीडबॅक. त्याने काय होतं? ॲम्प्लिफायरचा स्वभाव आतल्या लहरी पार्टच्या हातून सुटतो आणि बाहेरच्या दोन रेझिस्टरच्या हातात जातो. आपण व्हायवात हे धडाधडा म्हणतो, "गेन डिपेंड्स ओन्ली ऑन एक्स्टर्नल कंपोनंट्स, सर!" आणि रात्री रूमवर येऊन गेनसाठी काय बदलतो? चिप!

खरं तर त्या रुपया-दोन रुपयांच्या रेझिस्टरकडे बघा. मूळ सर्किटमध्ये १ किलोओहम आणि १० किलोओहम, म्हणजे गेन ११. आजच्या इयरफोनला एवढा गेन अतीच. खुंटी जरा हलवली की कान फाटतो, म्हणून आपण ती कायम तळाशी ठेवतो. आणि स्वस्त खुंटीचे दोन्ही भाग तळाशी सारखे चालत नाहीत, डावा कान आधी बोलतो, उजवा मागून. लोक म्हणतात, "चिपचं इमेजिंग बरोबर नाही." नाचता येईना, अंगण वाकडं! मी १० किलोच्या जागी २ किलो लावला, गेन ३ झाला, खुंटी मध्यापर्यंत आली, दोन्ही कान सारखे झाले, मागची सळसळही कमी झाली. माझ्या आख्ख्या चिप-संग्रहाने जो फरक केला नव्हता तो या एका रेझिस्टरने केला.

कपॅसिटरचंही तसंच. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी एलएम ३८६ चं किट केलं. त्याच्या आउटपुटला कपॅसिटर असतो. ३२ ओहमच्या इयरफोनला तो २२० मायक्रोफॅरड असेल तर सुमारे २३ हर्ट्झपासून वर सगळं मिळतं. ड्रॉवरमध्ये सापडला म्हणून ४७ लावलात तर सुमारे १०६ हर्ट्झच्या खालचं उतरायला लागतं, तबल्यातला डग्गा म्हाताऱ्यासारखा वाजतो. हे सूत्राने आधीच सांगता येतं आणि कानालाही कळतं. पण आम्ही भांडत होतो ते कपॅसिटर कुठल्या रंगाचा आणि कुठल्या कंपनीचा यावर. किती मायक्रोफॅरडचा, हे कोणी विचारत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी पाटणला गेले, पेटी घेऊन. आमच्या आबांची पिठाची गिरणी होती. चाळीस वर्षं पट्ट्याच्या आणि जात्याच्या घरघरीत उभे राहिले. आता गिरणी बंद आहे, पण ती घरघर जाताना कान घेऊन गेली. जेवायला बसल्यावर आम्ही काही बोललो की आबा नुसते हसतात. लहानपणी मला ते त्यांचा स्वभाव वाटायचा. आता कळतं, ऐकू येत नाही म्हणून हसतात, आणि परत विचारायची लाज वाटते. रात्री फोनवर कीर्तन लावतात ते एवढं मोठं की कोयनेच्या पलीकडे जाईल, आणि मग आई-बाबांशी वाद.

मी म्हटलं, आबांना माझा ॲम्प देऊ. मोठ्या ऐटीत कानांवर हेडफोन चढवला, ओपीए २१३४ लावून. आबांनी पाच मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"काय झालं आबा? आवाज कमी आहे का?"

"आवाज लई हाय गं पोरी. पर शब्द कुठं हायेत?"

हाच तो प्रश्न. सहा महिने मी चिपा बदलत होते, 'मोकळा', 'गोड', 'भरीव' करत होते आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता, की मला नक्की ऐकायचं काय आहे?

मग जरा वाचलं. वयाने आणि आवाजाने कान जातात ते आधी वरच्या पट्टीत जातात. स, श, त, क, फ ही व्यंजनं तिथेच राहतात. खालचा घुमारा शाबूत राहतो. म्हणजे आबांना मृदंग ऐकू येतो, बुवांचा आवाज ऐकू येतो, पण बुवा काय म्हणाले ते कळत नाही. आणि आम्ही सगळे हॉस्टेलवाले जे करतो, बेस वाढवतो, ते आबांसाठी अगदी उलटं होतं. घुमारा वाढला की उरलेसुरले शब्दही त्याखाली बुडतात.

मी इनपुटचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढला. १०० किलोओहमबरोबर तो १६ हर्ट्झपासून सगळं आत सोडत होता. त्या जागी ४.७ नॅनोफॅरडचा लावला. आता सुमारे ३४० हर्ट्झच्या खालचं उतरत गेलं. मला ऐकायला ते भयाण वाटलं, जुन्या एसटी स्टँडच्या कर्ण्यासारखं. विंगमध्ये कोणी त्याला उभं केलं नसतं. आबांनी हेडफोन लावला. थोड्या वेळाने ते बुवांच्या विनोदावर हसले. बरोबर त्या जागी हसले. आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

चिप कुठली होती? घाईत ४५५८ बसवलेली राहून गेली होती. त्या आवाजाला ती पुरेशी होती.

यात एक धोका आहे, तो लिहिलाच पाहिजे. कान गेलेल्या माणसाला आवाज वाढवून देणं म्हणजे उरलेला कानही घालवणं होऊ शकतं. म्हणून आबांना कराडला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तपासणी केली. आलेखाची रेघ २००० हर्ट्झनंतर घसरगुंडीसारखी खाली गेलेली. डॉक्टर म्हणाले, कंपासपेटी ही श्रवणयंत्राची जागा घेत नाही, यंत्र दोन्ही कानांना बघावं लागेल. ते आता चालू आहे. ॲम्प फक्त कीर्तनापुरता, अर्धा तास, आणि खुंटीच्या आधी एक रेझिस्टर टाकून आवाजाला कायमची मर्यादा घातली आहे. आपल्यासाठीही हेच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. मिरवणुकीतल्या डॉल्बीसमोर नाचून आल्यावर कानात शिट्टी वाजते ना, ती गंमत नसते. आबांची घसरगुंडी चाळीस वर्षांत झाली, आपण चार वर्षांत करू.

सुट्टीनंतर मी मुद्दाम मिरजेला गेले. तानपुरे आणि सतारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या बनतात. मुळात हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी, एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे पंढरपूर भागातून येतात, वगैरे बरंच कळलं. पण मला बघायची होती ती जवारी. घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासायचा की तार त्यावर नुसती टेकून झणझणली पाहिजे. आवाज 'खुला' हवा की 'बंद', ते या घासण्यावर ठरतं. एका कारागिरांना विचारलं, "चांगली जवारी कशी ओळखायची?" त्यांनी मलाच विचारलं, "कोण गाणार? पट्टी कुठली?" म्हणाले, ते कळल्याशिवाय कानस हातात घेत नाही. घासलेलं परत चढत नाही.

आबांचा आणि त्यांचा प्रश्न एकच होता की नाही?

म्हणून माझं मत असं: पार्ट बदलायला माझा विरोध नाही. बदलल्याशिवाय शिकणार कसं? उलट सोल्डरिंगचा वास मला मेसच्या भाजीपेक्षा जास्त आवडतो. माझा विरोध आहे तो न ठरवता बदलण्याला आणि न तपासता "फरक पडला" म्हणण्याला. उद्या आपण इंजिनिअर म्हणून एखाद्या कारखान्यात किंवा दवाखान्यात यंत्रासमोर उभे राहू. तिथे "मला बरं वाटतंय" हे उत्तर चालणार नाही. आणि आवाज फक्त चांगला हवा असेल तर दुकानातला काहीशे रुपयांचा टाइप-सी डोंगल घ्या, बरेचसे डोंगल आपल्या पेटीपेक्षा स्वच्छ वाजतात, हे मामांच्या सीआरओवर बघून मगच लिहिते आहे. पेटी बनवायची ती शिकण्यासाठी, किंवा दुकानात न मिळणारी गोष्ट करण्यासाठी.

शेवटी तीन मागण्या. पहिली मित्रमैत्रिणींना: चिप बदलाल तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहा, आवाज मीटरवर सारखा करा आणि दुसऱ्याला स्विच हलवू द्या. इयरफोन लावण्याआधी आउटपुटला डीसी नाही ना हे बघा, नाहीतर तो जळेल. दुसरी, वापरून कंटाळलेल्या चिपा ड्रॉवरमध्ये ठेवू नका. लेडीज हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये मी एक डबा ठेवला आहे, त्यात टाका. ज्युनिअर्सना साडेसहाशे रुपये घालवायची गरज नाही, माझे गेलेत तेवढे पुरेत. तिसरी सरांना आणि मॅडमना: लॅब पाचला बंद होते आणि आमची सर्किटं रात्री नऊला तयार होतात. आठवड्यातून एक संध्याकाळ सीआरओ उघडा ठेवता येईल का? मामांना विचारलंय, ते थांबायला तयार आहेत, फक्त चहाचं आपण बघायचं.

त्या रात्री मामांनी चिपवर बोट ठेवलं नसतं तर मी अजूनही मोकळेपणाच वाटत फिरत असते. आणि आबांची पेटी? ती सध्या पाटणला आहे. परवा फोन केला तर आई म्हणाली, "नंतर कर, आबा कीर्तन ऐकतायत." घर शांत होतं.